बाहेरचं किचन बांधताय? आधी पाणी कुठे जाणार ते ठरवा

घराबाहेर ओटा, सिंक, ग्रिल आणि वर छोटं छप्पर असं किचन करायचं ठरलं की सगळी चर्चा ग्रॅनाइटचा रंग, टाइल आणि लाइट यावरच होते, जमीन काय, ती तर आहेच खाली असं सगळे धरून चालतात. पण बाहेरचं किचन बिघडतं ते बहुतेक वेळा खालून बिघडतं. ओट्याच्या भिंतीला तिरकी चीर जाते, ग्रॅनाइटचा जोड उघडतो, कॅबिनेटचं दार घासायला लागतं, मग लोक मिस्त्रीला नावं ठेवतात आणि खरं कारण असतं की एका कोपऱ्याखाली पाणी मुरत राहिलं, तिथली माती मऊ पडली आणि तेवढाच भाग खाली बसला. वरची टाइल कधीही बदलता येते, खालचा भराव बदलायचा म्हणजे सगळं तोडायला लागतं. म्हणून इथे फक्त पहिली वीट लागेपर्यंतचं काम सांगतोय, आणि माझं ठाम मत आहे की त्याची सुरुवात खोदण्यापासून नाही तर पाणी शेवटी कुठे जाऊन पडणार हे ठरवण्यापासून करायची.

वजन किती येणार याचा अंदाज आधी घ्या म्हणजे जमिनीचं काम का करायचं ते पटेल. १० फूट लांब, २ फूट रुंद विटांचा साधा ओटा धरला, मागची भिंत आणि मधले चार आडवे पाय साडेचार इंची, वर तीन इंचांचा काँक्रीटचा स्लॅब आणि त्यावर ग्रॅनाइट, तर सव्वा ते दीड टन वजन सहज होतं. त्यात विटांचा ओव्हन करणार असाल तर ते वेगळंच. हे सगळं वजन तेवढ्याशा पट्ट्यावर येतं, बाजूच्या मोकळ्या फरशीवर काहीच नाही, म्हणजे माती असमान बसायला ही परिस्थिती अगदी सोयीची आहे.

जागा बघा, तीही पाऊस चालू असताना

शक्य असेल तर पाऊस पडत असताना छत्री घेऊन बाहेर उभे राहा आणि पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, कुठे जातं ते नीट बघा. फोनमध्ये फोटो काढून ठेवा, नंतर कोरड्या जमिनीवर उभं राहून काही आठवत नाही. पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशी परत बघा, तेव्हाही डबकं दिसत असेल तर ती जागा सरळ सोडून द्या नाहीतर ती उंच करायची तयारी ठेवा. पाऊस नसेल तर जमिनीवरच्या खुणा बघायच्या, शेवाळ, सगळीकडे सुकलं तरी तेवढाच हिरवागार राहणारा भाग, लव्हाळा, बारीक गाळाचा थर, हे सगळं तिथे पाणी थांबतं असं सांगतं.

मोठ्या झाडाच्या अगदी जवळ जाऊ नका, मुळं ओलाव्याच्या मागे येतात आणि काँक्रीट उचलतात. सेप्टिक टँक, शोषखड्डा, जुना बुजवलेला खड्डा यांच्यावर तर अजिबात बांधू नका. आणि जमिनीखालून वीज, गॅस, पाण्याची लाइन कुठून गेलीय ते खोदायच्या आधी शोधून काढा, हे काम नंतर बघू म्हणण्यातलं नाही, कुदळ एकदा केबलला लागली की उशीर झालेला असतो.

पाणी शेवटी कुठे पडणार?

इथे थोडा जास्त वेळ घ्या. मी बघितलेल्या अडचणीतल्या कामांमध्ये सगळ्यात जास्त वेळा दिसतं ते हे की किचनखालचं पाणी बाहेर काढायला चर छान खोदलेला असतो, खडी घातलेली असते, भोकांचा पाइप टाकलेला असतो आणि त्या पाइपाचं दुसरं तोंड कुठेच उघडत नाही, मातीतच संपतं. मग पाणी त्या चरात भरून राहतं. तसा चर नसता केला तर निदान तेवढं पाणी तिथे गोळा तरी झालं नसतं.

पर्याय तसे तीनच असतात. प्लॉटचा कुठलातरी भाग किचनपेक्षा खाली असेल तर तिथे पाइप उघडा सोडायचा, पण शेजाऱ्याच्या हद्दीत किंवा त्याच्या भिंतीवर पाणी सोडायचं नाही. जवळ पावसाच्या पाण्याची गटारलाइन असेल तर परवानगी काढून तिला जोडायचं. आणि यातलं काहीच नसेल तर शोषखड्डा, जो घरापासून आणि नव्या किचनपासून निदान ३ मीटर, जमलं तर ५ मीटर लांब हवा. शोषखड्ड्याचा हिशोब मात्र करा. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी, म्हणजे १० बाय १० फुटांच्या छपरावर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर जवळपास ४६५ लिटर पाणी झालं. १ मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा दगडांनी भरला तर त्याच्या पोकळ्यांत साधारण ३५० ते ४०० लिटरच मावतं. माती पाणी लवकर पीत असेल तर चालून जाईल, चिकण माती असेल तर तो खड्डा पाऊस संपायच्या आधीच तुंबेल.

जागा ठरली की उतार मिळतोय का ते मोजायचं. यासाठी महागडं काही लागत नाही, मिस्त्री वापरतात ती पारदर्शक लेव्हल पाइप पुरते. पाणी भरताना पाइपात हवेचे बुडबुडे राहिले तर माप चुकतं, म्हणून बादलीत एक टोक बुडवून पाणी ओढून घ्या आणि पूर्ण पाइप बोटाने टिचक्या मारत तपासा, एक जरी बुडबुडा अडकला असेल तरी तो बाहेर काढा. मग दोन्ही टोकं शेजारी शेजारी धरून पाणी एका रेषेत येतंय ना बघा आणि त्यानंतरच दोन्ही तोंडांवर अंगठा दाबून एक टोक किचनच्या जागी आणि दुसरं पाणी सोडायच्या जागी न्या. दोन्हीकडे अंगठे काढायचे, पाणी हलायचं थांबलं की दोन्हीकडे पाण्याच्या रेषेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजायचं, त्या दोन मापांतला फरक म्हणजे तुमचा उतार.

आता उदाहरण घेऊ. पाइप किचनजवळ जमिनीपासून १८ इंच खाली टाकायचा आहे आणि तिथून सोडायच्या जागेपर्यंत ३० फूट अंतर आहे. दर फुटाला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, एवढा उतार पाइपाला हवाच, तर ३० सूत म्हणजे पावणेचार इंच झाले. १८ आणि पावणेचार मिळून साधारण २२ इंच, म्हणजे ज्या जागी पाइप उघडणार ती किचनच्या जमिनीपेक्षा कमीत कमी २२ इंच खाली हवी. तेवढी नसेल तर चर उथळ करा आणि किचनचीच जागा भराव घालून वर उचला. खाली जाता येत नसेल तर वर या, हा या कामातला सगळ्यात उपयोगी नियम आहे आणि लोक तो सगळ्यात कमी वापरतात.

माती कशी आहे

काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा माती, बाकी पाणी, झाकण लावून जोरात हलवायचं आणि ठेवून द्यायचं. रेती मिनिटाभरात खाली बसते, त्यावर बारीक गाळ एक-दोन तासांत, आणि चिकण मातीचे कण दिवसभर किंवा जास्त वेळ पाणी गढूळ ठेवतात. माती घेताना वरची नाही, एक-दीड फूट खालची घ्या, वरच्या मातीत पालापाचोळा असतो.

दुसरी चाचणी खड्ड्याची. १ फूट रुंद, १ फूट खोल खड्डा करा, काठोकाठ पाणी भरा आणि रात्रभर मुरू द्या, दुसऱ्या दिवशी परत भरा आणि तासाला किती उतरतंय ते काठीवर खूण करून मोजा. पहिल्यांदा भरलेलं पाणी मोजायचं नाही, कारण कोरडी माती सुरुवातीला भरपूर पिते आणि आपल्याला उगाच बरं वाटतं. तासाला १ ते ३ इंच उतरलं तर चांगलं, १ इंचापेक्षा कमी असेल तर पाणी खाली जाईल या भरवशावर राहू नका, ते बाजूने बाहेर काढायला लागेल.

काळी चिकण माती असेल तर आणखी एक भानगड आहे, ती ओली झाली की फुगते आणि सुकली की आकसून भेगा पडतात, म्हणजे किचन खाली बसतंच असं नाही, वर पण उचललं जातं. अशा जमिनीत जास्त खोल खोदून ती माती काढून टाकणं आणि ओलावा वर्षभर सारखा ठेवणं, म्हणजे कडेने पाणी आत घुसू न देणं, हे दोन्ही करायला लागतं. ओव्हन वगैरे जड काम असेल तर इथे इंजिनिअरला दाखवूनच पुढे जा. आणि जिथे थंडीत जमीन गोठते तिथे मातीतल्या पाण्याचं बर्फ होताना ते सुमारे ९ टक्के फुगतं, शिवाय गोठलेला थर खालचं पाणी वर ओढत राहतो, त्यामुळे तिथे पाणी बाहेर काढणं अजूनच महत्त्वाचं.

आखणी आणि खोदकाम

खुंट्या आणि दोरीने आखा, काटकोन ३-४-५ ने तपासा, एका बाजूला ३ फूट, दुसऱ्या बाजूला ४ फूट खूण करून तिरकं माप बरोबर ५ फूट आलं की कोपरा गुण्यात. आखणी स्लॅबच्या, म्हणजे किचनखाली जमिनीवर टाकायच्या काँक्रीटच्या, मापाची नको, चारी बाजूंनी निदान १ फूट जास्त घ्या, कारण भिंतीचं वजन खाली पसरत जातं आणि कडेची खडी मोकळी सुटली तर स्लॅबची कड लटकते.

खोली किती? वरची काळपट, मुळं असलेली माती साधारण ६ ते ८ इंच असते ती पूर्ण काढायचीच, ती कुजते आणि बसते. बऱ्या मातीत ६ इंच खडीचा थर आणि ४ इंच काँक्रीट, त्यात स्लॅब आजूबाजूच्या जमिनीपेक्षा ३ इंच वर ठेवायचा म्हटलं तर ७ इंच खोदलं की झालं. मुळांचा थर त्याच्याही खाली गेला असेल तर तेवढं अजून खोदा आणि खडीनेच भरा. चिकण मातीत खडीच ९ ते १२ इंच धरा. चुकून जास्त खोदलं गेलं तर तीच माती परत टाकून सपाट करू नका, ती सैल जागा खडीने भरा.

आता खड्ड्याचा तळ. बहुतेक जण तो लेव्हलमध्ये करतात आणि इथेच घोळ होतो. चिकण मातीत सपाट तळाचा खड्डा करून त्यात खडी भरली की तो खडीने भरलेला हौदच झाला, पाणी खडीतून मजेत खाली येतं आणि तळाशी साचून बसतं, वरून काही दिसत नाही. म्हणून तळालाच चराच्या दिशेने फुटाला एक ते दोन सूत उतार द्या आणि मग तो धुम्मसने ठोकून घ्या. ठोकताना कुठे पाय दबतोय, माती लिबलिबीत लागतेय असं वाटलं तर तिथली माती काढून जाड दगड दाबून बसवा, त्यावर नुसती खडी टाकली तर ती चिखलात गडप होईल.

चर आणि पाइप

चर ज्या बाजूने पाणी येतं त्या वरच्या बाजूला एक आणि खड्ड्याचा तळ जिथे सगळ्यात खाली आहे तिथे एक, असं करणं चांगलं. जागा कमी असेल आणि एकच करायचा असेल तर खालच्या बाजूचा करा. साधारण १ फूट रुंद आणि तळ खड्ड्याच्या तळापेक्षा ६ ते ९ इंच खोल.

आधी चरात जिओटेक्स्टाइल कापड अंथरायचं, न विणलेलं म्हणजे नमद्यासारखं दिसतं ते, दोन्ही बाजूंनी कापड वर भरपूर राहील असं. खाली २ इंच धुतलेली २० मिलिमीटर खडी, त्यावर ४ इंची भोकांचा पाइप, वर परत खडी, मग कापड दोन्हीकडून दुमडून एकावर एक निदान १ फूट येईल असं झाकायचं. कापड नसेल तर बारीक गाळ खडीत शिरतो आणि चर हळूहळू बुजतो. खडी धुतलेली म्हणजे खरंच धुतलेली हवी, मूठभर खडी बादलीत टाकून बघा, पाणी लालसर-करडं झालं तर आधी पाणी मारून धुवून घ्या.

पाइपाची भोकं खाली करायची. हे ऐकून नवखे लोक गोंधळतात, त्यांना वाटतं पाणी वरून येणार तर भोकं वर हवीत. पण चरात पाणी तळापासून भरत वर येतं, भोकं खाली असली की पाणी वर चढायला लागल्याबरोबर पाइपात शिरून वाहायला लागतं, भोकं वर असतील तर चर पाइपाच्या डोक्यापर्यंत भरेपर्यंत काहीच बाहेर पडणार नाही. वरच्या टोकाला एक उभा पाइप जमिनीपर्यंत आणून झाकण लावा, कधी तुंबला तर तिथून पाणी जोरात सोडून साफ करता येतो. खालच्या टोकाला जाळी, उंदीर आणि बेडूक आत जाऊ नयेत म्हणून. खडी टाकण्याआधी पाइपात बादलीभर पाणी ओता आणि दुसऱ्या टोकाला किती आलं ते बघा.

सिंकचं पाणी या पाइपात कधीही सोडायचं नाही. त्यात तेल, साबण, अन्नाचे कण असतात, महिन्यांत खडी चिकट होऊन चर मरतो. सिंकची लाइन वेगळी, ती घराच्या सांडपाण्यालाच जोडायची, उतार मीटरला अडीच सेंटिमीटर आणि शक्यतो मध्ये ग्रीस ट्रॅप, म्हणजे तेल-चिकटा अडवणारी पेटी.

खडीचा थर आणि ठोकणं

खड्ड्यातही तेच कापड तळावर पसरा. चिकण माती असेल तर खाली ४० मिलिमीटरची मोकळी खडी ५-६ इंच, त्यावर परत कापड आणि वर कच, म्हणजे दगडाचा बारीक चुरा, मिसळलेली खडी ४ इंच, मधलं कापड नसेल तर कच खाली झिरपत जातो आणि वरचा थर सैल होतो. बऱ्या मातीत कच मिसळलेल्या खडीचा एकच प्रकार पुरतो. मुरूम मी या थरात टाकत नाही, त्यात मातीचा अंश असतो आणि तो पाणी धरून ठेवतो. डेब्रिज, तुटक्या विटा, प्लास्टरचे तुकडे तर नकोतच, फुकट मिळतात म्हणून मोह होतो पण ते वर्षानुवर्षं चुरत राहतात.

सगळी खडी एकदम टाकून वरून मशीन फिरवली तर वरचे ३-४ इंचच घट्ट होतात. ४ इंचांचा थर टाका, पसरा, हलकं पाणी शिंपडा, प्लेट कॉम्पॅक्टर आडवा-उभा फिरवा, मग पुढचा थर. कोपऱ्यात मशीन पोचत नाही तिथे हाताने धुम्मस मारायची आणि ओट्याच्या भिंती नेमक्या कोपऱ्यातच येतात हे लक्षात ठेवा.

ओलावा बरोबर आहे का बघायची सोपी पद्धत, कच मिसळलेल्या खडीतला बारीक भाग मुठीत घ्या आणि दाबा. मूठ उघडल्यावर गोळा टिकला आणि बोटाने टोचल्यावर दोन-तीन तुकडे झाले तर बरोबर, नुसता भुगा झाला तर पाणी कमी, तळहात ओला होऊन पाणी सुटलं तर जास्त, मग थोडं सुकू द्या. झालं की टाचेवर जोर देऊन चालून बघा, टाचेचा ठसा उठला तर अजून ठोका. आणि कोणी म्हणेल की पाणी मारून ठेव, बसेल आपोआप, तर ते स्वच्छ रेतीला थोडंफार लागू पडतं, मातीच्या भरावाला नाही.

काँक्रीटच्या आधी काय काय आत घालायचं

पाण्याची लाइन, सिंकची लाइन, वायरसाठी कंड्युट म्हणजे वायर ओवायचा पाइप, सगळं आत्ताच. एक रिकामा कंड्युट जास्तीचा टाकून दोन्ही टोकांना टोपी लावून ठेवा, पुढे लाइट, पंखा काहीही सुचतं. वीज आणि पाणी शेजारी शेजारी नेऊ नका, आणि त्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, इलेक्ट्रिशियनकडूनच बसवून घ्या. गॅस सिलेंडरची जागा खड्ड्यात किंवा नाल्याच्या जाळीजवळ ठरवू नका, एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो आणि तुम्ही इतक्या कष्टाने केलेल्या पाइपात उतरतो. सिलेंडरच्या कप्प्याला तळाशी, जमिनीच्या वर, हवा जायला भोकं हवीतच.

मग २०० ते २५० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद, त्यावर काँक्रीट, एम २० म्हणजे सिमेंट-रेती-खडी १ : दीड : ३. जाडी ४ इंच, ओव्हनखाली ६. काँक्रीटमधली लोखंडी जाळी प्लास्टिकला चिकटून पडली तर काही उपयोग नाही, खाली कव्हर ब्लॉक म्हणजे छोटे ठोकळे लावून उचला. दर ८ ते १० फुटांवर जोड घ्या आणि तो जोड ओट्याच्या भिंतीखाली येणार नाही असा आखा. घराच्या भिंतीला स्लॅब चिकटवू नका, मध्ये अर्ध्या इंचाची फिलर पट्टी आणि वर सीलंट, दोघं वेगवेगळे हलतात. स्लॅबचा माथा घरातल्या फरशीपेक्षा निदान ६ इंच खाली.

उताराची दिशा विचारपूर्वक ठरवा. फुटाला दोन सूत, घरापासून लांब आणि ओट्यापासूनही लांब. ओटा मागच्या भिंतीला लागून असेल तर पाणी सरळ पुढे येतं, म्हणजे जिथे आपण उभे राहणार नेमकं तिथे. त्यापेक्षा उतार ओट्याच्या लांबीच्या दिशेने एका टोकाला काढा, पाय कोरडे राहतात. ओटा स्वतः मात्र लेव्हलमध्येच हवा, तो फरक मिस्त्री विटांच्या पहिल्या थराखाली काढून घेतो, त्याला आधी सांगून ठेवा. क्युरिंग, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवणं, कमीत कमी ७ दिवस, आणि ओव्हनचं वजन २८ दिवसांनंतरच.

विटा लावायच्या आधी पाणी सोडून बघा

हे काम चुकवू नका. क्युरिंग झालं की नळी घेऊन ओट्याच्या जागेपासून पाणी सोडा, १५-२० मिनिटं तरी, आणि मग नळ बंद करून थांबा. पाण्याचा पातळ ओलावा राहणारच, पण कुठे डबकं राहिलं तर खडूने गोल करा आणि ते आत्ताच घासून किंवा भरून घ्या. मग नळी स्लॅबच्या कडेच्या मातीत सोडा आणि पाइपाच्या खालच्या तोंडाशी जाऊन बघा, थोड्या वेळाने तिथे पाणी यायला लागलं पाहिजे. सुरुवातीला गढूळ येईल, मग स्वच्छ यायला हवं, गढूळच येत राहिलं तर कापड कुठेतरी उघडं राहिलंय, चर झाकायच्या आधी ती जागा शोधा.

कडेने १ फुटाचा मोकळ्या खडीचा पट्टा ठेवा, तिथे लगेच माती भरून झाडं लावू नका, त्यांना घातलेलं पाणी रोज स्लॅबखाली जाईल. छपराच्या पन्हाळीचं पाणी कडेला नुसतं सोडून द्यायचं नाही, बंद पाइपाने थेट सोडायच्या जागेपर्यंत न्यायचं, तेही भोकांच्या पाइपाला न जोडता वेगळं, कारण मोठ्या पावसात छपराचं पाणी त्या पाइपात घुसलं तर भोकांतून उलटं बाहेर पडून तुमच्याच खडीत भरतं.

एवढं झालं की स्लॅबवर ओट्याची आखणी करा, चारी कोपऱ्यांच्या उंचीच्या खुणा लेव्हल पाइपने घराच्या भिंतीवर मारून ठेवा आणि भिंत रंगवताना त्या खुणा पुसू नका. मोठा पाऊस होऊन गेला की परत त्याच खुणांवरून कोपरे मोजायचे, एखादा कोपरा एक-दोन सूत खाली गेलेला दिसला तर आधी पाइपाचं खालचं तोंड बघा, तिथे पालापाचोळा अडकलेला असण्याची शक्यता सगळ्यात जास्त.